अर्धा कागद परदेशात: तालुक्याच्या वार्ताहरासाठी सीमापार शोधपत्रकारिता

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. जिल्हा पानावर तेव्हा कारणं छापून येत होती: डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, चायना पंप, दोन-तीन औषधांची मिसळ, अंगात नुसता सदरा. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण डबीत काय होतं, ते कुठून आलं आणि ज्या देशातून आलं तिथे ते विकायची मुभा आहे का, हे त्या बातम्यांत सहसा नसायचं. असणार कसं? तो कागद यवतमाळात नव्हताच.

तो होता स्वित्झर्लंडमध्ये. ‘पब्लिक आय’ या तिथल्या संस्थेने सरकारकडून निर्यातीचे आकडे मिळवले. सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकातला डायफेन्थियुरॉन हा घटक स्वित्झर्लंडच्या बाजारातून २००९ मध्ये बाद झाला होता, आणि २०१७ मध्ये तोच ७५ टन भारताकडे रवाना झाला होता. यवतमाळच्या पोलीस नोंदींत या उत्पादनाशी जोडलेली ९६ प्रकरणं आणि २ मृत्यू असल्याचं संस्थेने २०२० मध्ये मांडलं. बाधित कुटुंबांनी कंपनीचं मुख्यालय असलेल्या बासेलमध्ये दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने पाच कीडनाशकांची निर्यात थांबवली, त्यात डायफेन्थियुरॉनही आहे.

म्हणजे अर्धा कागद यवतमाळच्या ठाण्यात आणि अर्धा स्वित्झर्लंडच्या सरकारी दप्तरात. सीमापार शोधपत्रकारिता म्हणजे हे दोन तुकडे जोडणं. त्यासाठी दिल्ली-मुंबईतच असावं लागतं असं नाही. आर्णी, मारेगाव, सेलू, काटोल इथे बसून बातमी देणारा माणूसही यात बरोबरीचा भागीदार होऊ शकतो, फक्त सुरुवात कुठून करायची ते माहीत हवं.

आधी बघा, परदेशाची गरज आहे का

प्रत्येक बातमी सीमापार नसते. धान्य दुकानदार गहू कमी मोजून देतो, त्याला जिनिव्हा लागत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: या प्रकरणातला पैसा, माल किंवा निर्णय देशाबाहेरून येतो किंवा बाहेर जातो का? कीटकनाशकं, बियाण्यांचं तंत्रज्ञान, कोळसा आणि खाणींची यंत्रं, परदेशी ब्रँडसाठी जाणारं सूत, कार्बन क्रेडिटच्या नावाने शेतकऱ्यांशी होणारे करार, परदेशात नोकरी लावून देणारे दलाल. विदर्भात असे धागे भरपूर आहेत. उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे वाचा.

आपला अर्धा कागद आधी पक्का करा

बहुतेक नवखे इथेच घाई करतात. परदेशी पत्रकाराला मेल आधी जातो आणि हातात असतात कात्रणं. समोरच्याकडे कात्रणं पोचलेलीच असतात. त्याला हवा असतो तो कागद, जो त्याला तिथे बसून मिळूच शकत नाही.

विषबाधेचंच उदाहरण घेऊ. माणूस वावरात चक्कर येऊन पडला की तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जातो. प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो: केसपेपर, एमएलसीची (पोलीस प्रकरण होऊ शकणाऱ्या रुग्णाची) नोंद, पोलिसांना गेलेली सूचना. मृत्यू झाला तर ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. ही साखळी डोक्यात ठेवा, म्हणजे कुठली कडी गायब आहे ते लगेच दिसतं. फवारताना बाधा झालेला माणूस अनेकदा ‘विषारी औषध प्राशन’ या ठोकळ्यात लिहिला जातो. म्हणून नुसता एकूण आकडा घेऊन भागत नाही, नोंदी एकेक करून वाचाव्या लागतात.

डबीचा फोटो कसा घ्यायचा, हेही शिकून घ्या. रिकामी डबी धुऱ्यावर पडलेली असते, लेबल अर्धं धुतलेलं असतं. ती उचलताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. आधी ती जिथे पडली आहे तिथला फोटो, मग जवळून: नाव, तांत्रिक घटक आणि त्याची टक्केवारी, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, उत्पादक व आयातदाराचा पत्ता, आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग असतात, लाल सगळ्यात जहाल. बॅच क्रमांक पुष्कळदा छापील लेबलावर नसतो, झाकणाजवळ किंवा बुडाशी ठोकलेला असतो. तो वाचता आला नाही तर डबी तिरपी धरून बाजूने उजेड टाका. आणि कृषी सेवा केंद्राचं बिल मागा. बिल मिळालं नाही तर ‘बिल दिलं नव्हतं’ हेही लिहून ठेवा, तीही माहितीच आहे.

सरकारी नोंदींसाठी माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलडाणा, अमरावतीकरांसाठी अमरावतीचं खंडपीठ, पलीकडच्यांसाठी नागपूरचं. रुग्णांची नावं मागू नका. तुम्हाला ती नको आहेत आणि कार्यालयाला नकार द्यायला तेवढंच निमित्त पुरतं. गाव, वय, दिनांक, उत्पादनाचं नाव, परिणाम, इतकं मागा. कृषी अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि पोलीस अधीक्षक अशा तीन ठिकाणी एकाच काळाचे वेगवेगळे अर्ज टाका. तिघांचे आकडे जुळत नाहीत, आणि तो फरक हीच पुष्कळदा पहिली बातमी असते.

सार्वजनिक प्रसारक म्हणजे कोण

परदेशी भागीदार शोधताना खासगी वाहिन्यांआधी सार्वजनिक सेवा माध्यमांकडे बघा. ही माध्यमं नागरिकांच्या वर्गणीवर चालतात, सरकारी खात्यासारखी नाही. जर्मनीत प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो भरतं, त्यावर एनडीआर, डब्ल्यूडीआर, बीआर अशी प्रादेशिक केंद्रं चालतात. स्वित्झर्लंडमध्ये एसआरएफ आणि आरटीएस, ब्रिटनमध्ये बीबीसी. १९५० मध्ये स्थापन झालेल्या, जिनिव्हात मुख्यालय असलेल्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनमध्ये हे सगळे सदस्य आहेत, त्यामुळे एकाला तुमचा विषय पटला तर तो दुसऱ्याला आत आणू शकतो. त्यांच्याकडे वकील असतात, जुन्या चित्रफितींचा साठा असतो, आणि मोठ्या कंपनीने जाहिरात थांबवली तरी पगार थांबत नाही. आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला याची किंमत वेगळी सांगायला नको. दिवाळी पुरवणीची जाहिरात ज्या कृषी केंद्राकडून आणायची, त्याच्याच दुकानातल्या डबीवर बातमी लिहायची, ही कोंडी आपल्याकडे घरोघरी आहे.

या मंडळींनी किती मोठं काम एकत्र केलंय, त्याचे दोन दाखले पुरेत. २०१६ चे पनामा पेपर्स, म्हणजे परदेशातल्या छुप्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं: १ कोटी १५ लाख कागद, सुरुवात म्युनिकच्या एका वर्तमानपत्रातून, त्यासोबत एनडीआर, डब्ल्यूडीआर आणि आयसीआयजे ही पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, भारतातून इंडियन एक्सप्रेस. दुसरा दाखला आपल्याला जास्त जवळचा. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारक अव्होट्रॉसच्या पत्रकार येट स्खाउटन यांनी संत्र्याच्या पिशवीची जाळी शस्त्रक्रियेत बसवायची वैद्यकीय जाळी म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपुढे ठेवली, आणि काहींनी मान्यता द्यायची तयारी दाखवली! त्यातून शरीरात बसवायच्या वैद्यकीय उपकरणांवरचा तपास, २०१८ चे इम्प्लांट फाइल्स, उभे राहिले, ३६ देशांतल्या अडीचशेहून अधिक पत्रकारांचं काम. ज्या नागपूर-काटोलात संत्र्याच्या जाळ्या रोज हातात असतात, तिथल्या पत्रकाराला ही युक्ती सुचायला हरकत नव्हती.

आकाशवाणी आणि दूरदर्शनही कायद्याने सार्वजनिक सेवाच आहेत. १९९० च्या कायद्यानुसार प्रसार भारती १९९७ मध्ये अस्तित्वात आली. यवतमाळ, नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे आकाशवाणीची केंद्रं आहेत. पण सरकारवर टीका होईल असा तपास तिथून होण्याची अपेक्षा मी तरी ठेवत नाही. तुम्ही आकाशवाणीचे अंशकालीन वार्ताहर असाल तर बाहेरच्या कामाआधी केंद्रप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, तोंडी ‘करा हो भाऊ’ यावर विसंबू नका.

पहिलं पत्र

कोणाला लिहायचं? त्या देशातल्या वाहिनीवर त्याच विषयावर आधी काम केलेल्या पत्रकाराचं नाव शोधा आणि थेट त्यालाच लिहा. ‘संपादक महोदय’ असं पत्र कुठल्या तरी सामायिक पेटीत जाऊन पडतं. नाव सापडत नसेल तर ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्कच्या सदस्य संस्थांची यादी बघा, किंवा २०१७ पासून असलेल्या बीबीसी मराठीच्या माणसांशी आधी बोला. भाषेची अडचण तिथे येत नाही.

पत्र मोडक्या इंग्रजीत चालतं, लांब मात्र चालत नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘मी यवतमाळ जिल्ह्यात इतकी वर्षं बातमीदारी करतो. माझ्याकडे अमुक काळातल्या विषबाधेच्या सरकारी नोंदी आणि डब्यांचे फोटो आहेत. त्यातला अमुक घटक तुमच्या देशातून येतो, तिथे त्याच्या विक्रीला परवानगी नाही. निर्यातीची नोंद तुमच्याकडे मिळू शकते, मला नाही. सोबत काम करायची इच्छा असेल तर सुरक्षित क्रमांकावर बोलू.’

बस. कागद जोडू नका, बाधितांची नावं लिहू नका, आणि ‘स्फोटक’ हा शब्द टाळा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्याकडे वळा.

त्यांच्या बाजूला कुठली नोंद आहे हे आधीच माहीत असेल तर पत्राचं वजन वाढतं. रॉटरडॅम करार १९९८ चा, लागू झाला २००४ पासून. धोकादायक रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला कळवावं आणि त्याची संमती घ्यावी, हा त्याचा गाभा. युरोपियन युनियन त्याही पुढे जाऊन स्वतःकडे बंदी असलेल्या रसायनांच्या निर्यात सूचना युरोपियन केमिकल्स एजन्सीच्या संकेतस्थळावर ठेवते. कुठलं रसायन, कुठल्या देशाकडे, हे तिथे कोणालाही बघता येतं. घरी बसून हे काम एका संध्याकाळी होतं.

करार आधी, काम नंतर

परदेशी चमूच्या भाषेत ‘फिक्सर’ नावाचा एक माणूस असतो. गाडी ठरवतो, लोकांना गाठून देतो, दुभाष्या होतो आणि श्रेयनामावलीत शेवटून दुसरा येतो. ते प्रामाणिक काम आहे, पैसेही बरे मिळतात. पण तुमच्याकडे अर्धा कागद असेल तर तुम्ही फिक्सर नाही, सहलेखक आहात, आणि हे पहिल्याच फोनवर बोलायचं असतं. भिडेखातर गप्प राहिलात तर नंतर कुरकुरण्यात अर्थ नाही.

लिहून घ्यायच्या गोष्टी: दोन्हीकडे नाव कुठे आणि कसं येणार, मराठीत तुम्ही कुठे छापणार, सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी प्रसिद्ध करायचं की नाही, तुमचे फोटो-चित्रण त्यांच्या साठ्यात गेल्यावर पुन्हा वापरलं तर काय, कोणाचं नाव लपवायचं हे ठरवायचा शेवटचा अधिकार कोणाचा. या शेवटच्या मुद्द्यावर हटून बसा. बर्लिनला कार्यक्रम दाखवून ते मोकळे होतात. त्या मजुराला मात्र पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे, त्याच दुकानातून उधारीवर माल आणायचा असतो.

आपल्या संपादकालाही सुरुवातीलाच सांगा. मुख्यालयाला नंतर कळलं तर वार्ताहरपद जाऊ शकतं.

पैसा

यात चूक परवडत नाही. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांना परदेशी देणगी घेता येत नाही. कलम ४ मध्ये पगार, मोबदला आणि नेहमीच्या व्यवहारातलं देणं वेगळं धरलं आहे. म्हणून ‘अनुदान’, ‘मदत’, ‘फेलोशिप’ असे शब्द कुठल्या परदेशी पत्रात दिसले की सही करण्याआधी सीएला दाखवा. केलेल्या कामाचा मोबदला असेल तर लेखी कामाचा आदेश, तुमचं बिल, आणि पैसे बँकेतूनच. पाहुण्याने हातात ठेवलेलं युरोचं पाकीट नम्रपणे परत करा.

पाहुणे गावात येतात तेव्हा

परदेशी पत्रकाराला भारतात वार्तांकनासाठी पत्रकार व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर कॅमेरा घेऊन येतो म्हणाला तर नाही म्हणा. तो परत जाईल, चौकशीला तुम्हीच बसाल. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणणंही भारतात गुन्हा आहे, त्यांना निघण्याआधीच कळवा. गोरा माणूस गावात आला की तासाभरात सरपंच, पोलीस पाटील आणि दुकानदार तिघांना कळतं. त्यामुळे नाजूक मुलाखती त्यांच्या आगमनाआधी तुम्ही एकट्याने उरकलेल्या बऱ्या.

वेळही जुळवावी लागते. जर्मनी-स्वित्झर्लंड आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आपली दुपारी दोन-तीनची वेळ दोघांना सोयीची.

मुलाखत घेताना संमती कॅमेऱ्यावर घ्या आणि सोप्या भाषेत घ्या. ‘काका, हे परदेशातल्या टीव्हीवर दिसन, आपल्या मोबाइलवर बी येऊ शकते, तं चेहरा दाखवू का नको?’ असं विचारलं की माणूस खरं उत्तर देतो. सही घेतलेला इंग्रजी फॉर्म म्हणजे संमती नव्हे. आणि नुकसानभरपाई मिळेल असं सुचवूसुद्धा नका.

भाषांतर तुम्ही करत असाल तर आधी शब्दशः करा, मग नीटनेटकं. दोन्ही प्रती ठेवा. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी परदेशी उपशीर्षकांत प्राध्यापकी वाक्यं आली की ती बनावट वाटतात.

फाइल, फोन, आकडे

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो आक्रसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फाइल कार्डावरच ठेवा, प्रत पाठवा. बोलणं सिग्नल या ॲपवर, संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय चालू करून. बाधितांच्या नावांची यादी कागदावर किंवा कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा, नोंदींत प्रत्येकाला क्रमांक द्या. पुढे कोर्टकचेरी झाली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारी तिची ओळखखूण) नोंदवायची असते. ती पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

आकडे जुळवताना सगळ्यात मोठा घोळ वर्षाचा. आपल्या खात्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, युरोपच्या निर्यातीचं जानेवारी ते डिसेंबर. ऑगस्ट-ऑक्टोबरची फवारणी दोन्हींत बसते, पण त्यासाठी आलेला माल आपल्या आदल्या वर्षात धरलेला असू शकतो. त्यांचा आकडा शुद्ध घटकाचा की तयार औषधाचा, हेही विचारा. पन्नास टक्क्यांच्या भुकटीत घटक निम्माच असतो, त्यामुळे टनांची बेरीज दुप्पट चुकू शकते.

आणखी एक. पब्लिक आयसारख्या संस्था भूमिका घेऊन काम करतात, ते त्या लपवतही नाहीत. त्यांचा अहवाल हा धागा म्हणून घ्या, पुरावा म्हणून प्रत्येक आकडा मूळ नोंदीपर्यंत नेऊन स्वतः तपासा. सार्वजनिक प्रसारकाचे वकील तुमच्याकडूनही तेच मागतील. एकेका वाक्याला ‘याचा आधार काय’ विचारतील, महिनाभर विचारतील. वैतागू नका. बदनामीचा दावा आला तर इथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ तुम्हाला लागतं, त्यांना नाही.

प्रतिक्रिया आणि प्रसिद्धी

कंपनीला, कृषी खात्याला, दुकानदाराला प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला पुरेसा वेळ द्या, आणि कोणी कोणाला विचारायचं ते भागीदाराशी ठरवून घ्या. मुख्यालयाला ते विचारतील, भारतीय कार्यालयाला आणि जिल्हा यंत्रणेला तुम्ही. दुकानदाराला सगळ्यात शेवटी गाठा, कारण त्याला विचारलं की गावभर होतं. उत्तर आलं तर कापाकापी न करता त्याचा गाभा छापा.

प्रसिद्धीच्या दिवशी मराठी मजकूर मागे राहता कामा नये. झुरिकच्या प्रेक्षकाने आधी पाहावं आणि मारेगावच्या बाईला आपल्याच नवऱ्याबद्दल तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी फॉरवर्डमधून कळावं, असं होऊ देऊ नका. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्या घरी आदल्या दिवशी जाऊन काय येणार ते सांगा. दोन-चार दिवस फोन चालू ठेवा. धमकी आली तर ठाण्यात लेखी तक्रार करा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत करा.

मग जून उजाडतो, कृषी केंद्रांत नवा माल लागतो. त्याच तीन कार्यालयांत त्याच प्रश्नांचे नवे अर्ज टाका, आणि भागीदाराला त्याच्या बाजूची त्या वर्षीची निर्यात सूचना बघायला सांगा.